टोप्यांची वही

वही माझ्या वडिलांची. निळा पुठ्ठा, कडेला तेलाचा डाग.
पहिल्या पानावर एक तारीख आणि एक माप:
बावीस इंच तीन सूत.
नाव नाही. तेव्हा लिहायची गरज नव्हती.
आयनार स्कोगमो दिवसा भूमिती शिकवायचा,
चारनंतर गळ्यात शिट्टी.
पगार फक्त भूमितीचा.

नवा मुख्य कोच आला की आधी अध्यक्ष हात मिळवतात,
मग पेपरवाला फोटो काढतो,
मग तो जिना उतरून आमच्याकडे येतो,
बॉयलरशेजारच्या सामानघरात,
आणि डोकं पुढे करतो.
फीत कानांच्या वरून फिरवायची.
कुणी श्वास धरतो, कुणी बोलतच राहतो.
वडील म्हणायचे, बोलणाऱ्याची टोपी
पुढच्या वर्षासाठी मागवू नकोस.

त्रेचाळीस, चव्वेचाळीस: मुलं युद्धावर, संघ नाही.
त्या पानावर कोळशाचा हिशोब आहे.

मग लॅम्बर्ट ह्रुस्का. एकोणीस मोसम.
दर ऑगस्टला तोच माणूस, तीच खुर्ची,
आणि माप दरवर्षी थोडं कमी,
केस गेले तसतसं.
शेवटी पाव इंच गेला.
आता व्यायामशाळेवर त्याचं नाव आहे, दगडात कोरलेलं.
वहीत नुसता पाव इंच.

मी सामानघरात आले तेव्हा डेलबर्ट व्हॉस होता.
गुरुवारी पोरांना म्हणाला, मी कुठेही जात नाही.
शुक्रवारी टीव्हीवर दिसला, डोक्यावर दुसऱ्या कॉलेजची लाल टोपी.
आमच्या गावात अजून त्यावरून भांडणं होतात,
न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणात.
सोमवारी त्यांच्या सामानघरातून फोन:
जरा माप सांगता का, ही घट्ट होतेय.
मनात आलं, बावीस म्हणावं.
सव्वातेवीस, मी म्हटलं. खरं तेच.

त्याच्यानंतरच्याचं नाव भिंतीवरच्या फोटोंत नाही.
अकरा दिवस होता.
अर्जात लिहिलेली पदवी त्याला कुणी दिलीच नव्हती.
तो गेल्यावर टोपी टपालाने आली, नवी कोरी.
त्याने ती घातली नाही.
आम्हाला मात्र घातली.

थॅडियस रोलिन्स जिना उतरून आला
तेव्हा माझा हात फितीवर थबकला.
नाही म्हणणार नाही, थबकला.
या तळघरात तोवर त्याच्या रंगाचा कोच आला नव्हता.
सावकाश, तो म्हणाला,
कॉलेजनेही सावकाशच घेतलंय.
बावीस इंच सात सूत.
पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही, दुसऱ्या वर्षी दोन,
चौथ्या वर्षी पाच जिंकले, पाच हरले,
आणि त्या नोव्हेंबरात त्याला काढलं.
पहिला बर्फ मैदानावर होता, पांढऱ्या रेषा दिसेनाशा झालेल्या.
जाताना तो खाली आला. टोपी धुऊन, कडक उन्हात वाळवून,
कागदात गुंडाळून आणली होती.
सगळ्या कोचांमध्ये टोपी परत केलेला तो एकटा.
कडक ऊन नोव्हेंबरात कुठून आणलं त्याने,
मी विचारलं नाही.

काल नवीन आला. चौतीस वर्षांचा, पोटात लोणचं-सँडविच,
कारण वास येत होता.
म्हणाला, आता सगळ्या टोप्यांना मागे पट्टा असतो,
एकच साइज, कुणालाही बसते.
माहीत आहे, मी म्हटलं, बसा.
बसला. कानामागे ताजे कापलेले केस चिकटलेले होते.
सगळेच पहिल्या दिवशी केस कापून येतात.
स्कोगमोसुद्धा आला असेल.
तो विचारत होता, यात सगळ्यात मोठं डोकं कुणाचं होतं,
आणि यंदाच्या मुलांत खांदे आहेत का कुणाला,
आणि इथे थंडी खरंच एवढी—

हलू नका, मी म्हटलं.